शेवटची चार पावलं

दुसरीच्या मुलांना पळायला शिकवताना वैशाली नेहमी शेवटच्या रेघेपाशी उभी राहायची. मुलं आपल्याकडे पळत येतात, आपल्यापासून लांब जात नाहीत, हे तिला बरं वाटायचं. त्या सोमवारी मात्र स्वानंद नावाच्या एका बारक्या मुलाच्या बुटाचा पट्टा काही केल्या चिकटेना, म्हणून ती सुरुवातीच्या रेघेपाशीच गुडघ्यावर बसली होती. बाकीची पाच जणं ‘टीचर सोडा ना, टीचर सोडा ना’ करत तिच्या डोक्यावर ओणवी झालेली. शेवटी तिनं बसल्या बसल्याच हात खाली केला आणि त्यांना सोडलं. त्यामुळं वर्षात पहिल्यांदा तिला ती मुलं पाठमोरी दिसली, आणि त्यांच्यात मंजुळाची पाठ दिसली. मंजुळा सगळ्यांच्या पुढं होती, चांगली दोन हात पुढं. कोपरं अंगाला धरलेली, टाचा जमिनीला न लागणाऱ्या, दोन वेण्या मागं सरळ उडालेल्या. इतकं स्वच्छ पळणं वैशालीनं या शाळेत बघितलं नव्हतं. आणि मग, रेघ चार पावलांवर असताना, मंजुळानं टाचा टेकल्या. उतारावर रिक्षावाला हळूच ब्रेक लावतो तशा. मान जराशी उजवीकडे केली, ऋतुराज किती मागं आहे ते बघितलं, तो पुढं गेल्यावर आणखी एका मुलीला जाऊ दिलं, आणि मग रेघ ओलांडली. वैशालीच्या हातात स्वानंदचा बूट तसाच राहिला. “टीचर, दुखतंय,” स्वानंद म्हणाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याचा घोटा घट्ट धरून ठेवला आहे.

ठाकुर्लीच्या त्या शाळेची इमारत आणि शेजारी उठत असलेल्या टॉवरचं पत्र्याचं कुंपण यांच्या मध्ये तीस मीटरची एक सरळ पट्टी उरली होती. तेवढ्यात वैशाली पहिली-दुसरीच्या मुलांना सोमवारी आणि गुरुवारी ॲथलेटिक्स शिकवायची. ॲथलेटिक्स हा शब्द वेळापत्रकात होता. प्रत्यक्षात ती त्यांना पडता पडता पळायला शिकवायची. अंग पुढं टाका, आता पडतो असं वाटलं की पाय टाका. हात खिशापासून हनुवटीपर्यंत. उडी मारून उतरताना मांजरीसारखं, आवाज आला तर परत. रेघेवर थांबायचं नाही, रेघेच्या पुढं पिवळा कोन आहे तिथपर्यंत पळायचं. आणि एक नियम तिनं स्वतःच्या डोक्यातून काढला होता, त्याचा तिला थोडा अभिमानही होता. सहा-सहाच्या गटात जो पहिला येईल त्याच्या मनगटावर ती चांदणीचा शिक्का मारायची आणि त्याला पायरीवर बसवायची. उरलेले पाच परत पळायचे, मग चार, मग तीन. म्हणजे जे मागं पडतात त्यांना जास्त वेळा पळायला मिळतं, आणि शेवटी सगळ्यांच्याच मनगटावर चांदणी येते. मुख्याध्यापिकांनी हे पालकसभेत सांगितलं होतं. मंजुळाच्या नावापुढं वैशालीनं जूनमध्येच लिहून ठेवलं होतं : वेग मध्यम, दम चांगला. कारण मंजुळा नेहमी शेवटपर्यंत उरायची आणि कधी धापा टाकायची नाही. आता ते दोन शब्द वैशालीला कुणीतरी आपल्या हातून लिहवून घेतल्यासारखे वाटायला लागले.

कुणीतरी, हा शब्द एकदा मनात आला की तो चेहरा शोधत फिरतो. डिसेंबरात क्रीडादिन होता. ऋतुराजचे आजोबा संस्थेच्या समितीवर होते, बक्षिसं त्यांच्याच हातून दिली जाणार होती. मंजुळाची आई चित्रा पालकसंघात होती, आणि बैठकीच्या दिवशी शाळा सुटताना ती ऋतुराजच्या आईबरोबर फाटकाशी बोलत उभी असते, कधीकधी दोघी एकाच रिक्षातून जातात, हे वैशालीनं कितीदा बघितलं होतं. तेव्हा त्यात काही नव्हतं, आता होतं. घरी सोफ्यावर बसून ती बाई मुलीला काय सांगत असेल ते वैशालीला जवळजवळ ऐकू आलं. गोड आवाजात. ‘आपण कशाला पुढं जायचं, बेटा.’ वर्गशिक्षिका प्रीतीला तिनं आडून विचारून बघितलं, तर प्रीती वह्या तपासत म्हणाली, “अगं, सात वर्षांची पोरगी आहे. फुलपाखरू दिसलं तरी थांबतात ती.” इतकं सहज म्हणाली की वैशालीला वाटलं, हिलाही माहीत आहे. गुरुवारी वैशाली मुद्दाम मुलांच्या मागं उभी राहिली. पहिल्या फेरीत मंजुळानं ऋतुराजला जाऊ दिलं. ऋतुराज चांदणी घेऊन पायरीवर बसला. दुसऱ्या फेरीत मंजुळानं वेगळ्याच एका मुलीला जाऊ दिलं, तिसऱ्या फेरीत आणखी एकाला, आणि शेवटी तर स्वानंदला, जो पळताना तोंड उघडं ठेवतो आणि एक हात हलवायला विसरतो. म्हणजे गोष्ट एकट्या ऋतुराजची नव्हती. हे वैशालीला दिसलं, पण दिसून उपयोग झाला नाही. तिनं लगेच त्याचंही कारण लावून टाकलं. सवय लावली असणार. आधी एकासाठी सांगितलं असणार, मग पोरीनं ती सगळ्यांसाठीच लावून घेतली असणार. असंच होतं. एकदा हळू व्हायला शिकलेलं अंग कुणापुढं हळू व्हायचं ते निवडत बसत नाही. हे दुसऱ्या कुणाला नसेल पण वैशालीला माहीत होतं.

दोन हजार सात साल होतं. वैशाली नववीत, कळव्याला खाडीच्या बाजूच्या चाळीत राहायची, आणि सकाळी वर्तकनगरला विश्राम सरांच्या मैदानावर जायची. सरांच्या हाताखाली पंधरा-वीस पोरं होती आणि त्यातल्या निम्म्यांना त्या वर्षी नवे स्पाइक्स, खिळ्यांचे बूट, मिळाले होते, निळ्या पट्ट्यांचे. गटातल्याच एका मुलीच्या वडिलांनी दिलेले. वैशालीच्याही पायात तेच होते. ठाण्याच्या स्टेडियमवर जिल्ह्याची आंतरशालेय स्पर्धा, दोनशे मीटरची अंतिम फेरी, त्यात ती मुलगीही, आणि आबांनी कंपनीतून अर्धा दिवस सुट्टी घेतलेली. पॅकिंग खात्यात होते ते, सुट्टी मागणं त्यांना जड जायचं, तरी आले होते आणि वळणाच्या बाहेर भिंतीला टेकून उभे होते. अंग मोकळं करत असताना सर तिच्याजवळ आले. तिच्या खांद्यावर हात ठेवून, कुठंतरी लांब बघत म्हणाले, “हे बघ, पहिल्या दोघी विभागीय स्पर्धेला जातात. तू दुसरी आलीस तरी जातेसच. तिला पुढं जाऊ दे. तिच्या वडिलांनी आपल्यासाठी काय काय केलंय, तुला माहितीय.” वैशाली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिनं पायाकडे बघितलं. निळे पट्टे. वळण संपताना ती पुढं होती. सरळ पट्टी लागल्यावर तिनं मान वळवून ती मुलगी किती मागं आहे ते बघितलं आणि पायातला जोर काढून घेतला. थोडाच काढायचा होता. पण जोर हा नळ नसतो, हवा तेवढा बारीक करायला. ती मुलगी पुढं गेली, आणि तिच्या पलीकडून, सहाव्या लेनमधून, भिवंडीची कुणी एक किडकिडीत पोर दात आवळून आली आणि छातीच्या फरकानं वैशालीच्या पुढं गेली. तिसरी. सर नंतर फक्त एवढंच म्हणाले, “इतकं पण हळू नव्हतं व्हायचं.”

सरांनी तिला का निवडलं होतं, हा प्रश्न तिनं पुढं वर्षानुवर्षं उलटापालटा करून बघितला. आणखी तीन मुली होत्या की गटात. मग आपणच का? चाळीतली म्हणून? आडनावामुळं? की आपण गप्प बसू हे आपल्या तोंडावर लिहिलेलं होतं म्हणून? दर वेळी उत्तर वेगळं यायचं आणि दर वेळी ते खरं वाटायचं. त्यातून तिला एक नजर मिळाली होती. कुणी जागा दिली, कुणी आधी चहा पुढं केला, कुणी उगाच कौतुक केलं, की तिला त्यामागचा हात दिसायला लागायचा. लोक म्हणायचे वैशाली फार सावध आहे. आणि या सगळ्याच्या मागं आबांची ती पाठ होती, स्टेडियमच्या फाटकातून बाहेर पडणारी. त्यांनी तिला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही, घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर ती आणखी चार वर्षं पळली, विद्यापीठापर्यंत गेली, पण आबा एकाही शर्यतीला आले नाहीत. दर वेळी काहीतरी निघायचं. ओव्हरटाइम, कुणाचं लग्न, गुडघा. वैशालीनं समजून घेतलं होतं. पोरगी सगळ्यांसमोर हरली, त्यांना लाज वाटली. ती हरली नव्हती हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य सांगायचं तर आपण कबूल झालो होतो हेही सांगावं लागलं असतं.

त्या गुरुवारी तास संपल्यावर बाकीची मुलं पाण्याच्या नळाकडे पळाली तेव्हा वैशालीनं मंजुळाला थांबवलं. कुंपणापलीकडे सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं, म्हणून तिला वाकून, तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलावं लागलं. मंजुळाच्या कपाळावर घामानं केस चिकटले होते आणि तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि धुळीचा वास येत होता.

“मंजुळा, तू मुद्दाम हळू पळतेस ना?”

मंजुळानं डावा बूट उजव्या बुटावर ठेवला.

“मी रागावणार नाही. कुणी सांगितलं तुला हळू पळायला?”

मंजुळाची नजर वैशालीच्या गळ्यातल्या शिट्टीवर.

“घरी कुणी सांगितलं? आईनं?”

हे ऐकल्यावर मंजुळाचा खालचा ओठ हलला. “आईला नका सांगू,” ती म्हणाली.

वैशाली सरळ उभी राहिली. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिला थोडं समाधान वाटलं. आपली नजर चुकत नाही. तिनं पुन्हा वाकून विचारलं, मग आणखी एकदा, जरा वेगळ्या शब्दांत, तिचा दंड धरून. आपला आवाज गोड झाला आहे हे तिला ऐकू येत होतं. मंजुळा रडली नाही. ती फक्त हळूहळू लहान होत गेली, खांदे आत घेत, आणि शेवटी नळाकडे निघाली तेव्हा चालत गेली. शाळेत ती कधी चालत नसे.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी चित्रा उभी होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड, हात मंजुळाच्या खांद्यावर. ती ठाण्याला नोकरीला जायची आणि या वेळी एरवी कधी दिसायची नाही. आधी तिनं मुलीला चार पावलं लांब, सूचनाफलकापाशी उभं केलं, मग वैशालीकडे आली.

“काल तुम्ही मंजुळाला काय विचारलंत?” तिनं विचारलं. “रात्री जेवली नाही ती. सकाळी म्हणते, शाळेत नको, मी चीटिंग केली.”

“मी एवढंच विचारलं की तिला हळू पळायला कुणी सांगितलं.”

“कुणी म्हणजे?”

“मॅडम, ती मुद्दाम मागं राहते. मी स्वतः बघितलंय. इतकी लहान मुलं आपणहून असं करत नाहीत. कुणीतरी सांगावं लागतं.”

वैशालीनं चित्राच्या चेहऱ्यात पकडले गेल्याची खूण शोधली. चेहऱ्यावर होता तो निव्वळ गोंधळ, आणि त्याच्यामागून चढत येणारा राग.

“म्हणजे मी सांगितलं, असं म्हणताय तुम्ही? मी?” चित्राचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “आमच्या घरी काय चालतं तुम्हाला माहितीय का? बेडरूमपासून गॅलरीपर्यंत ही दिवसभर पळते. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत दोनदा तक्रार केलीय, दुसऱ्या वेळी लेखी. खाली सोडावं तर सगळीकडे गाड्या लावलेल्या, एक इंच जागा नाही. मी तिला रोज सांगते, पळू नको, पळू नको. सांगून सांगून माझंच तोंड दुखतं. सोमवार-गुरुवार ती माझ्या आधी उठून बूट घालून बसते. आणि मी तिला इथं येऊन हळू पळ म्हणून सांगेन?”

चित्रानं वळून मुलीला हाक मारली. मंजुळा आली, दोघींच्या मध्ये उभी राहिली, कुणाकडेच न बघता.

“सोनू, कुणीही ओरडणार नाहीये,” चित्रा म्हणाली. “तू पुढं असलीस तरी मग मागं का राहतेस?”

फाटकाच्या गजाला सांगावं तसं मंजुळा म्हणाली, “पहिलं आलं की बसायला लागतं.”

“कुठं बसायला लागतं?”

“पायरीवर. मग पळायला नाही मिळत. ऋतुराज एकदाच पळतो. मी पाचदा.”

शाळेची घंटा झाली. मुलांचा एक लोंढा त्यांच्या अंगावरून आत गेला, दप्तरं घासत, आणि त्यात मंजुळाही ओढली गेली. चित्रा हसली नाही. ती म्हणाली, “वैशाली टीचर, पुढच्या वेळी आधी मला विचारा. तिला नका असं कोपऱ्यात घेऊ.” आणि रिक्षा शोधत निघून गेली.

त्या दिवशी वैशालीनं तिसरीला उड्या शिकवल्या आणि काय शिकवलं ते तिला आठवेना. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कट नव्हता, दबाव नव्हता, एका सात वर्षांच्या मुलीनं तिच्याच नियमातली फट शोधून त्यातून चार फेऱ्या जास्त मिळवल्या होत्या, एवढंच. पण मन सुटायला तयार नव्हतं. ते आधार गेल्यासारखं इकडेतिकडे चाचपत होतं. चित्रा खरंच खरं बोलली का? मंजुळानं हे उत्तर रात्री घरी पाठ तर केलं नसेल? हे मनात आलं तेव्हा वैशाली जिन्यात थांबली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. सगळ्यांच्या समोर, सहा महिने, ती पोरगी आनंदानं पळत होती आणि आपल्याला त्यात विश्राम सर दिसले. मग आणखी कुठं कुठं दिसले असतील? प्रीतीच्या बोलण्यात? आबांच्या पाठीत?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आबा खिडकीशी मेथी निवडत बसले होते. कळव्याची चाळ पाडायला काढल्यापासून दोघं ठाकुर्लीतच भाड्याच्या जागेत राहत होती. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. वैशालीनं हातपाय धुतले, त्यांच्यासमोर खाली बसली, एक काडी उचलली, आणि मंजुळाची हकिकत सांगायला सुरुवात केली. ती सांगता सांगता, मध्ये श्वासही न घेता, ती ठाण्याच्या स्टेडियमवर जाऊन पोचली. सर काय म्हणाले, आपण काय केलं, सगळं. अठरा वर्षं अडकून राहिलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आबांचे हात चालूच होते. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मग ते म्हणाले, “मी हाक मारलेली तुला.”

“कधी?”

“वळण संपलं तेव्हा. वैशू म्हणून ओरडलो मी. जोरात. तू मान वळवलीस माझ्याकडे, आणि तिथंच मागं पडलीस.”

“मी ऐकलंच नाही आबा. मी त्या मुलीला बघितलं. किती मागं आहे ते.”

“माझ्याकडे बघितलंस असं वाटलं मला.” त्यांनी एक जुडी सोडली. “म्हटलं, आपण गेलो आणि पोरीचा पाय चुकला. परत नाही जायचं. म्हणून नाही आलो मी. तू विद्यापीठात पळलीस तेव्हा गेटपर्यंत आलेलो. बाहेरूनच परत गेलो.”

वैशाली इतकी वर्षं ज्याला लाज समजत होती ती भीती होती, आणि ती तिनंच, तोंड मिटून, रोज थोडीथोडी त्यांना वाढली होती.

“सांगायचं होतंस गं,” आबा म्हणाले.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मग आता काय वाटलं?” असं म्हणून ते उठले आणि मेथीचं ताट तिथंच ठेवून आत गेले. त्या संध्याकाळी ते जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. शनिवारी दिवसभर कामापुरतं बोलले. वैशालीनं ते शांतपणे सोसलं. पहिल्यांदाच तिला कुणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायची गरज नव्हती. रविवारी सकाळी चहा गाळताना त्यांनी पाठमोरंच विचारलं, “ती भिवंडीची पोरगी. तिला तर कुणी काही सांगितलं नव्हतं ना?”

“नाही. ती आपली पळली.”

“मग तेवढं तरी बरं झालं,” ते म्हणाले आणि कप तिच्यापुढं सरकवला.

सोमवारी वैशालीनं चुन्याची फक्की नव्यानं मारली आणि दुसरीच्या मुलांना रेघेपाशी गोळा केलं. आजपासून नियम बदलला, तिनं सांगितलं. चांदणी सगळ्यांना तास संपल्यावर. पायरीवर कुणी बसायचं नाही. पहिला आला तो परत पळणार, शेवटचा आला तोही परत पळणार, मी शिट्टी वाजवेपर्यंत. मुलांनी ते ऐकलं आणि लगेच विसरून ढकलाढकली सुरू केली. ऋतुराजनं पहिला आल्याचा मग काय फायदा असं विचारलं, त्याला तिनं नीट उत्तर दिलं नाही. मंजुळा गटाच्या कडेला उभी होती. शुक्रवारपासून ती वैशालीच्या हाताला लागेल इतक्या जवळ आली नव्हती. आता ती दोन पावलं पुढं आली.

“खरंच?” तिनं विचारलं.

“खरंच.”

“पहिलं आलं तरी?”

“पहिलं आलं तरी. मंजुळा, त्या दिवशी माझं चुकलं. मी तुला तसं विचारायला नको होतं.”

मंजुळानं वैशालीच्या चेहऱ्याकडे नीट, वेळ घेऊन बघितलं. मोठी माणसं दुकानात नोट उजेडाला धरून बघतात तसं. ती नजर वैशालीच्या ओळखीची होती. ती तिनंच दिलेली होती, गुरुवारी, दंड धरून. पहिल्या फेरीत मंजुळा पुढं होती आणि चार पावलांवर तिनं टाचा टेकल्या. ऋतुराज पहिला आला. मंजुळा रेघेपाशी थांबून बघत राहिली, याला खरंच परत पाठवतात की बसवतात. वैशालीनं ऋतुराजला परत पाठवलं. मंजुळा त्याच्या मागून चालत सुरुवातीच्या रेघेकडे गेली, एकदा पायरीकडे बघून. पायरी रिकामी होती.

दुसऱ्या फेरीला वैशालीनं शेवटच्या रेघेपाशी उभं राहून हात वर केला. पत्र्यापलीकडचं यंत्र थांबलं होतं, सहा जणांची कुजबुज तिथपर्यंत ऐकू येत होती. तिनं हात खाली केला आणि मंजुळा पडता पडता सुटली. दहा मीटरवर ती एकटी होती. वीसवर तिच्या मागं कुणी आहे असं म्हणण्यातही अर्थ नव्हता. शेवटची चार पावलं आली, पण टाचा टेकल्या नाहीत. मंजुळा रेघेवरून गेली, पिवळ्या कोनाशी गेली, आणि तिथं थांबली नाही. शब्दावर भरवसा ठेवायला ती तयार नव्हती. वैशालीला तोंड उघडायला, हात पुढं करायला, काहीही सांगायला वेळच मिळू नये म्हणून तिनं कोनाला वळसा घातला, वैशालीच्या अंगाला चाटून गेली, आणि समोरून येणाऱ्या पाच जणांच्या मधून वाट काढत, वेण्या उडवत, तशीच उलटी सुरुवातीच्या रेघेकडे पळत सुटली.